लाल हेरल्डची निरवानिरव

मी, प्रमिला तानबाजी गोहाड, वय त्र्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, मूळ गाव आष्टी, हल्ली राहणार बोरगाव मेघे, जिल्हा वर्धा, माझ्या मागे नको ती भांडणे होऊ नयेत आणि हवी ती नीट व्हावीत म्हणून हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर प्रेरणा उमाटे यांनी परवा तसा दाखला दिला. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्या वारी त्यांच्या दवाखान्यात बायकांना उन्हात का उभे ठेवतात तेही विचारले. दाखला लगेच मिळाला. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. चाळीस वर्षे व्यासपीठावर उभी राहिलेली बाई दडपणाने सही करील असे ज्याला वाटते, त्याने माझे एकही भाषण ऐकलेले नाही.

घर. बोरगाव मेघे येथील दोन खोल्या, अंगण आणि कडुनिंब माझा पुतण्या गजेंद्र याला. त्याची आई, म्हणजे माझ्या वहिनी अनुसयाबाई, जिवंत असेपर्यंत पुढची खोली त्यांची. त्या खोलीत टीव्ही मोठ्याने लागेल. गजेंद्रने तक्रार करू नये. मीही अकरा वर्षे केलेली नाही आणि माझा स्वभाव त्याला माहीत आहे.

पुस्तके. सगळी आष्टीच्या आमच्या आळीतल्या वाचनालयाला. मात्र कपाटांना कुलूप लावायचे नाही. पुस्तक चोरीला गेले तर गावात एक वाचक वाढला असे समजून आनंद मानावा. याच वाचनालयाच्या एका माजी अध्यक्षांनी मला सुचवले होते, की ताईंनी फक्त महिलांच्या विषयांवर बोलावे. त्या वर्षी मी तिथे कापसाच्या भावावर बोलले. लोक खिडक्यांत बसले होते. बँकेतली बचतही याच वाचनालयाला, पंखे आणि खुर्च्यांसाठी. अध्यक्षांसाठी वेगळी खुर्ची घेऊ नये.

आता गाडी. खरे तर गाडी नसती तर मी मृत्युपत्र लिहायला बसलेच नसते.

ही स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची, वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. दारूबंदीच्या आणि सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांतल्या कामगारांच्या सभा मी तेव्हा एसटीने फिरून घेत असे. हिंगणघाटला एका जिनिंगच्या दारात मी मालकाला दीड तास फैलावर घेतले. मालक ओमप्रकाशजी पहिल्या रांगेत बसून सगळे ऐकत होते. सभा संपल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "बाईजी, आप तो रुकतेच नाई. आमच्या शेडमध्ये एक उभी आहे, ती सुरूच होत नाई. दोघींची गाठ घालून देऊ का?"

मी शेडमध्ये गेले. रुईच्या धुळीखाली मळकट पांढरी हेरल्ड उभी होती. बॉनेट उघडले तर नुसते झाकण उघडत नव्हते, दिवे आणि मडगार्डसकट गाडीचा सगळा पुढचा भाग पुढे कलंडत होता. आतले यंत्र दोन्ही बाजूंनी मोकळे. काहीही लपवून ठेवलेले नाही. मला भाषणही असेच आवडते. मानधनातून मी ती विकत घेतली. ओमप्रकाशजींनी कामगारांची मजुरी वाढवली ती सहा महिन्यांनी, आणि ती गाडीमुळे नव्हे, संपामुळे. हे लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण लोक उलट सांगतात.

तिला आजचे रूप दिले ते वर्ध्याच्या मोतीलालने. मोतीलालला स्वतःची स्तुती सोडून दुसरे व्यसन नाही, आणि त्याचा हात असा आहे की ती स्तुती ऐकून घ्यावी लागते. त्याने बोल्ट काढून छत उतरवले. जिप्सी जीपचे इंजिन बसवले आणि आरटीओच्या पुस्तकात त्याची रीतसर नोंद करून घेतली. चाके रुंद केली, गाडी जमिनीकडे खाली आणली, पुढे डिस्क ब्रेक लावले. वाळायला घातलेल्या मिरचीचा असतो तसा लाल रंग दिला. मग किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "बाई, आता हे चालवा नाई लागत."

"मग काय करा लागते?"

"आवरा लागते."

खरे होते. आर्वीहून आष्टीकडे जाताना रस्ता वळणे घेऊ लागला की ही गाडी त्या वळणांची वाटच पाहत असल्यासारखी वागते. सुकाणू बोटभर वळवावे, तिने हातभर वळावे. गावातल्या अरुंद रस्त्यात जिथे जीप तीनदा मागेपुढे करते तिथे ही एका झोकात तोंड फिरवते. संत्र्याच्या बागांचा वास, कापसाचे पांढरे शेत, तापलेल्या डांबराची धग, सगळे काचेआड न राहता अंगावर येते. तिचा आवाज खर्जातला आहे. तिसऱ्या गियरमध्ये तो चढतो तेव्हा मला माझ्या चांगल्या दिवसांतला माझा आवाज आठवतो, आणि हे मी विनयाने लिहीत नाही.

तळेगावच्या फाट्यावर एकदा वरात आडवी आली. वाजंत्रीवाले थांबले, नवरदेवाने घोड्यावरून मागे वळून पाहिले, आणि घोड्यानेही. दारूबंदीच्या सभांना अर्धे श्रोते ही गाडी पाहायला जमत. मी ते उघडपणे सांगत असे, की गाडी पाहायला आलात, आता बसा आणि ऐका. ते बसत.

सेवाग्रामच्या इतक्या जवळ राहून लाल गाडी उडवता, असे मला भर सभेत विचारणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी दिलेले उत्तर इथे कायम करते. साधेपणा म्हणजे कुरूपतेशी तडजोड नव्हे. गरिबाला भाकरी मिळाली की त्याचे डोळे मिटावेत असे ज्यांना वाटते, ते त्याला माणूस समजत नाहीत. रस्त्यातून एखादी देखणी वस्तू वेगाने गेली आणि शेतात निंदणाऱ्या बाईने कंबर सरळ करून तिच्याकडे पाहिले, तर तेवढा वेळ ती वस्तू तिची असते. मी ही गाडी कधी झाकून ठेवली नाही, ती याच कारणाने.

आष्टीच्या पोळ्याबद्दल वेगळी कथा पसरलेली आहे, म्हणून तेही नोंदवते. त्या वर्षी माझ्या भावाने बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला होता. बैल नाहीत तर तोरणाखाली कोणत्या तोंडाने जायचे, म्हणून वडील, तानबाजी, घरात बसून राहिले. मी म्हटले, आपली गाडी नेऊ. आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी आणि हळदीने मळतात, शेकतात. वडिलांनी गाडीभोवती फेरी मारली आणि विचारले, "पोरी, इचा जोर कुठं लागते?"

"चाकावर, बाबा."

दुसऱ्या दिवशी बेगड, झूल, गोंडे लावून मी गाडी आणली. पंचांपैकी एक म्हणाले, "बाई, हे काय जनावर आहे काय?"

"जनावर नाई तं तुम्ही काऊन मांगं सरकून राह्यले?"

लोक हसले आणि परवानगी मिळाली. मागे उभी केली तर बैल बुजतील म्हणून तिला सगळ्यांच्या पुढे, तोरणाच्या अलीकडे उभे करायचे ठरले. मी हळूहळू जागेवर आले आणि ब्रेक दाबला. गाडी थांबेना. ती मानाने, संथपणे, मारुतीच्या देवळासमोरचे तोरण काचेच्या चौकटीवर घेऊन, तोडून पलीकडे गेली आणि हँडब्रेक ओढल्यावर कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात थांबली. कोणालाही खरचटले नाही. तोरणाखालून पहिली जाणारी मानाची जोडी मात्र तोरणाविना उभी राहिली.

मी म्हटले, "बाबा, चाकाच्या आतमध्ये लोणी लावलं तुम्ही?"

"मंग? तूच सांगतलं, जोर चाकावर लागते म्हणून. खांद्याले नाई लावा तं काय शिंगाले लावा?"

मोतीलालने चाक उघडले आणि डोक्याला हात लावला. "लई ब्रेक पाह्यले मी. हळद लागलेला पयलाच. आता लगन करून टाका इचं."

मानाच्या जोडीचे मालक तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांची क्षमा मागितली नाही, मागणारही नाही. माझ्या बापाने एका यंत्राला जिवंत समजून त्याचा खांदा शोधला. एवढ्या प्रेमापुढे तोरण तुटले तर ते योग्य कामी आले. मात्र त्यांच्या नातवंडांना गाडीतून फिरवून आणावे. गाडी ज्याच्याकडे जाईल त्याच्यावर हे बंधन राहील.

ज्याच्याकडे जाईल, म्हणजे कोणाकडे? इथे मी दोन महिने अडले.

गेल्या वर्षापासून माझा डावा गुडघा क्लच दाबत नाही. गाडी अंगणात उभी आहे. गजेंद्रने नागपूरचे एक गिऱ्हाईक आणले. सभ्य माणूस. गाडीभोवती तो देवळात फिरावे तसा फिरला आणि म्हणाला, "हिला मूळ रूपात आणू. पांढरा रंग, जुन्या जातीचं इंजिन, छत. छत आहे ना?"

छत वहिनींच्या सरपणावर झाकलेले आहे. मी त्याला ते दाखवले. तो हळहळला.

तो गेल्यावर गजेंद्र म्हणाला, "आत्या, तो माणूस जीव लावीन गाडीले. काचेच्या खोलीत ठेवते तो गाड्या. ऊन नाई, धूळ नाई."

"आणि रस्ता?"

"रस्त्यावर काऊन आणीन तो एवढी महागाची वस्तू?"

गजेंद्र लबाड नाही. त्याला गाडी टिकावी असे मनापासून वाटते. पण मी आयुष्यभर जुने ग्रंथ वाचले आहेत. ज्या पोथीवर कोणी खुणा केल्या नाहीत, पाठभेद लिहिले नाहीत, ती पोथी कोणी वाचलेली नसते. मोतीलालने केलेले बदल पुसले तर कारखान्यातून निघाली तशी गाडी मिळेल, पण त्यानंतर जे काही झाले ते सगळे जाईल. मूळ रूप म्हणजे काय? माझे मूळ रूप आष्टीच्या शाळेत मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी हे होते. मला कोणी त्या रूपात परत नेऊ नये.

म्हणून मी लिहिले, की गाडी, तिचे पाने, जॅक आणि सुटे भाग माझ्या मृत्यूनंतर गजेंद्रची धाकटी बहीण मयुरी हिला मिळावेत. मयुरी आष्टी तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. स्कूटीवर गावोगाव फिरते. तिच्या हाताला घाई आहे, पण तो डगमगत नाही. मला वाटले ती आनंदेल. काल तिला वाचून दाखवले.

ती म्हणाली, "मले नको."

"काऊन?"

"'मृत्यूनंतर' लिवलं तू. म्हणजे मी काय वाट पाहू? रोज सकाळी फोन करून विचारू, आत्या, आहेस का अजून?"

"मरण काय माझ्या हाती आहे?"

"तुझ्या हाती असतं तं तू त्याच्याशीबी वाद घातला असता. आत्या, तू काई लवकर जाणारी दिसत नाई. दहा वर्सं हे अंगणात उभी राह्यली तं टायर फुटतीन, रबर सुकन, उंदरं वायरी खातीन. त्या नागपूरवाल्याची काचेची खोली काय अन् तुझं अंगण काय, फरक सांग न मले."

वहिनींनी आतून टीव्हीचा आवाज कमी केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मी हजारो लोकांसमोर प्रश्न झेलले आहेत. हा प्रश्न ऐकून मी हातातल्या कागदाची घडी घातली. गजेंद्र खाली पाहत होता, पण ओठ दाबून हसत होता. मग तोच म्हणाला, "तिचं बराबर आहे, आत्या. द्याची असन तं आता दे. मी गिऱ्हाइकाले नाई म्हणतो."

म्हणून वरील गाडीविषयीची तरतूद मी स्वतःच्या हाताने रद्द करते. ती लाल हेरल्ड या मृत्युपत्रात नाही. ती माझ्या मागे राहणाऱ्या वस्तूंमध्ये मोडत नाही. आज सकाळी मी किल्ली मयुरीच्या हातात दिली आणि नाव बदलण्याच्या कागदांवर सह्या केल्या. तिने रंग बदलावा, इंजिन बदलावे, मागे जनावरांच्या औषधांची पेटी बसवावी. तिचा तो हक्क आहे. फक्त गाडी चालती ठेवावी आणि मानाच्या जोडीवाल्यांच्या नातवंडांना फिरवून आणावे. घर, पुस्तके आणि बचत यांविषयी वर लिहिले तेच कायम.

हा शेवटचा भाग मी वर्ध्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून लिहीत आहे. इथे मला मयुरीने आणले. या गाडीत मी प्रथमच डाव्या बाजूला बसले. इतकी वर्षे सुकाणू माझ्या हाती होते आणि डोळे रस्त्यावर. लोक वळून पाहतात हे मला ठाऊक होते, पण ते अंदाजाने आणि ऐकून. आज माझे हात रिकामे होते. बजाज चौकात चहावाल्याची किटली हवेत थांबली. कॉलेजच्या मुलींचा घोळका बोलता बोलता गप्प झाला. सायकलवरच्या एका म्हाताऱ्याने पाय टेकून पूर्ण मान फिरवली आणि आम्ही वळेपर्यंत तो तसाच उभा होता. एकूणएक चेहरा उजळत होता, आणि त्यांच्याशी मी एक शब्दही बोलले नव्हते.

मयुरी म्हणाली, "आत्या, परत एक चक्कर मारू काय?"

मी हो म्हटले. सही त्यानंतर केली आहे.

सही: प्रमिला तानबाजी गोहाड

आम्ही खाली सही करणारे दोघे, बाईंनी हा मजकूर वाचून पाहून आमच्यासमोर सही केली याचे साक्षीदार आहोत. त्या शुद्धीवर होत्या. आमच्या दोघांच्या सह्यांची जागाही त्यांनीच बोट ठेवून दाखवली.

साक्षीदार १: डॉ. प्रेरणा उमाटे, बोरगाव मेघे
साक्षीदार २: अंकुश डेहनकर, शेजारी, बोरगाव मेघे

स्थळ: वर्धा
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५