एकदाच विचारलंस

हॉल्विग, मिनेसोटा
१४ ऑक्टोबर १९८६

चि. कोरीन हिला आर्डिसचे अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. विमानात शेजारच्या बाईने सुनेची सगळी गाऱ्हाणी ऐकवली, त्यामुळे वेळ बरा गेला. ओर्व्हिल घ्यायला आला होता. मी नव्हते तर काय खाल्लंस असं विचारलं, तर म्हणाला, खाल्लं काहीतरी. यापलीकडे त्याच्याकडून काही निघालं नाही.

मका अजून अर्धा शेतात उभा आहे. पाऊस उघडत नाही, यंत्र चिखलात रुततं. डेल गेला म्हणून चर्चच्या बायकांनी तिथल्या तळघरात कॉफी ठेवली होती. नवरा तुझा, गाव आपलं. तो इथे कितीसा आला? पण माणसं भरपूर जमली, हॅम सँडविचं पुरली नाहीत. सगळ्यांनी तुझी चौकशी केली, म्हणजे मला तिकडच्या उन्हाबद्दल विचारलं.

तुझ्या फ्रीजरमध्ये दोन हॉटडिश करून ठेवलेत, एक खिम्याचा, एक ट्यूनाचा. नुसते ओव्हनमध्ये गरम करायचे.

फोन करणार होते, पण फोनवर आपण दोघी हवामानापलीकडे जात नाही, म्हणून लिहिते. एक गोष्ट तिथे बोलायची राहिली. आमची वरची पूर्वेकडची खोली रिकामीच आहे. डेलच्या मागे तू एवढ्या लांब एकटी कशाला राहतेस? इथे येऊन राहिलीस तर आम्हाला काही जड नाही. ओर्व्हिलचीही हरकत नाही. सहज सुचलं म्हणून लिहिलं, तुझं तू बघ.

जेवत जा. माया आहेच, ती पत्रातून पोचत असेल असं धरून चालते.

तुझी ताई,
आर्डिस


टूसॉन, ॲरिझोना
२३ ऑक्टोबर १९८६

ती. आर्डिसताईस कोरीनचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ट्यूनाचा हॉटडिश संपला. चव आठवत नाही, पण भांडं रिकामं आहे त्या अर्थी मीच खाल्ला असणार.

मला काही होत नाही, ताई. ही तक्रार नाही, नुसतं कळवते. शेजारची योलांडा रोज येते, मला मिठीत घेते आणि रडते. मी तिच्या खांद्यावरून भिंतीवरचं घड्याळ बघते. मग ती विचारते, मनात काय चाललंय, सांग ना. मनात काही चाललेलं नसतं. ती बिचारी गेल्यावर वाटतं, निदान काहीतरी बनवून सांगायला हवं होतं. डेलचे शर्ट घड्या करून खोक्यात भरले, टॉवेल भरतात तसे. बाहेर तेच ऊन. इथलं आभाळ कुणाच्या घरी काय झालंय याची दखल घेत नाही.

मिनेसोटाचं म्हणशील, तर परत येणार नाही असं मी आईच्या तोंडावर सांगून निघाले होते. तो न संपणारा हिवाळा, आणि घराघरांत गप्प बसलेली माणसं. आई आजारी होती तेव्हा बाबा वर्षभर गुरांबद्दल बोलत राहिले. कुणी कसं आहे विचारलं की फार वाईट नाही म्हणायचं, झालं. माझा तिथे जीव घुसमटायचा. डेल मला आवडला तो मोठ्याने भांडायचा म्हणून. आणि तरी परवा टीव्हीवर तिकडच्या पहिल्या बर्फाची बातमी लागली, तर हातातलं काम टाकून मी उभी राहून बघत राहिले. आनंद नाही, दुःख नाही, नुसती बघत राहिले.

खोलीचं मनावर घेऊ नकोस. नको गं, उगाच तुम्हाला त्रास. भाऊजींना या वयात घरात आणखी एक बाई कशाला? माझं मी भागवेन.

आहे तेवढा लोभ राहू दे, त्यात पुष्कळ झालं.

तुझी,
कोरीन


हॉल्विग
१८ नोव्हेंबर १९८६

चि. कोरीन, अनेक आशीर्वाद.

मका एकदाचा घरात आला. दुसऱ्या दिवशी बर्फ पडलं, म्हणून ओर्व्हिल आठवडाभर स्वतःवर खूश आहे. म्हणजे जेवताना मान हलवतो.

शाळेत नवी संगीताची शिक्षिका आली आहे, मिस लिंडग्रेन. तिला जागा नव्हती, म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी आमच्या वरच्या खोलीबद्दल विचारलं. मी रीतीप्रमाणे दोनदा नाही म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हटलं. मुलगी गुणी आहे. आंघोळ करताना गाते, पण सुरात.

तुला पुन्हा विचारणार होते, पेनसुद्धा हातात घेतलं होतं. पण ओर्व्हिलने आठवण करून दिली. मागे तू आली होतीस तेव्हा केकचा आणखी एक तुकडा देऊ का म्हटल्यावर तू पहिल्याच खेपेला हो म्हणालीस. सगळं टेबल गप्प झालं होतं, आठवतं? तेव्हा वाटलं, तू आता तिकडची झालीस. तुझं हो म्हणजे हो, नको म्हणजे नको. मग आग्रह करून तुला अवघडवायचं कशाला.

थंडी नसली तरी काहीतरी अंगावर घेत जा. इकडून माया आहे, तिकडून पत्र असू दे.

तुझी ताई,
आर्डिस


टूसॉन
२९ नोव्हेंबर १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

मिस लिंडग्रेनला खोली आवडेल. सकाळचं ऊन चांगलं येतं तिथे.

मी बरी आहे. फार वाईट नाही. घर विकलं गेलं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात दारापुढे विक्रीची पाटी लावली होती. डिसेंबरअखेरीला किल्ल्या द्यायच्या आहेत. जाड लोकरीचा कोटही घेतला होता. अख्ख्या दुकानात एकच मिळाला, तपकिरी. विकणाऱ्याने विचारलं, बाई, निघालात कुठे? मी म्हटलं, अजून ठरायचंय. आता योलांडाच्या ओळखीने एक लहान जागा बघते आहे. बसथांबा जवळ आहे.

केकचं म्हणशील, तर मला त्या दिवशी भूक लागली होती, एवढंच.

ताई, मी नको लिहिलं आणि तुझ्या पुढच्या पत्राची वाट बघत बसले. आपल्याकडे पहिल्या नकाराला कोण नकार धरतं? पंचवीस वर्षं बाहेर काढली, पण नको म्हणायला मी आईकडूनच शिकले ना? मला राग आलेला नाही. यायला हवा होता, पण तोही येत नाही.

तुझी,
कोरीन


हॉल्विग
७ डिसेंबर १९८६

कोरीन, आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा मी पावाचं पीठ मळत होते. तसंच टाकलं. पत्र ओर्व्हिलला दिलं. त्याने ते दोनदा वाचलं, टोपी घातली आणि गोठ्यात जाऊन बसला. परत आला तो बूट न काढता दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "शिवणाची खोली आवर. आणि तिला लिही, मी विचारतोय म्हणून." या माणसाने जन्मात कुणाला रस्तासुद्धा विचारलेला नाही. लगेच मशीन एकट्याने ओढत बैठकीत नेलं. फरशीवर ओरखडा पडलाय, तो मी बघितला नाही असं आमचं ठरलंय.

ही खोली स्वयंपाकघराला लागून आहे. ओव्हनची पाठ त्याच भिंतीला, म्हणून ऊब राहते. आता मी रीतीने विचारते. मधले नकार तू दिलेसच असं धरते, टपालाचा वेळ वाचेल. कोरीन, इथे येऊन राहा. तू म्हणालीस, उगाच त्रास. त्रास कसला, ये. तू म्हणालीस, माझं मी भागवेन. भागवशील, ते मला माहीत आहे. तरी ये. मला तू हवी आहेस.

हे शेवटचं वाक्य मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही. उत्तर लवकर पाठव, मला चैन नाही.

आर्डिस


टूसॉन
१५ डिसेंबर १९८६

ती. ताईस सा. न.

हो. येते. भाऊजींनाही सांग, त्यांनी विचारलं म्हणून येते.

आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. हिवाळ्याची भीतीसुद्धा वाटत नाही, आणि ती वाटायला हवी. योलांडाने विचारलं, आपल्या माणसांत जाते आहेस, बरं वाटतंय ना? मी म्हटलं, माहीत नाही. ती रडली. इथे सगळे मायेने विचारतात, ताई, आणि माझ्याकडे द्यायला काही नसतं. तिथे कुणी विचारणार नाही. ज्या गोष्टीला कंटाळून मी तिथून पळाले, तीच आता मला हवी आहे.

विमानतळावर मला कशी आहेस विचारू नकोस. रस्ता कसा आहे, मका किती झाला, ते सांग. मी ऐकेन.

आणि पुढे कधी त्या खोलीत मला रडू आलं, तर आत येऊ नकोस. स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहा, म्हणजे तू आहेस हे कळेल.

तुझी,
कोरीन