किटली, बूट आणि पाण्याची खोली

प्रिय बाबा,

आणि तरीही माझं म्हणणं तेच आहे, चूक तुमचीच होती. मी वर खिळ्याला लटकलेला, खाली काट्यांचा खड्डा, आणि तुम्ही पाणी न भरताच चुलीवर जाऊन बसलात. रिकामी किटली तापली की तडकणार, हे त्या गेममधल्या गोगलगायीलासुद्धा माहीत आहे. वर मलाच म्हणालात, तुला थांबायला कुणी सांगितलं होतं? बाबा, खिळ्याला लटकलेल्या बुटाने थांबायचं नाही तर काय, हवा खायला जायचं? हे भांडण अर्धंच राहिलं आणि तुम्ही मशीन खोक्यात भरून मोकळे झालात. ताईला म्हणालात, "त्याला सांग, घेऊन जा तुझं डबडं, पोरखेळ आहे नुसता." ताईने मला ते तुमच्याच आवाजात ऐकवलं. तिला तुमची नक्कल फार छान जमते, तुम्हाला माहीत नसेल.

पोरखेळ आहेच, मी कधी नाही म्हटलं? टाकून दिलेली एक किटली आणि एक जुना बूट आपल्या घरी परत जायला निघतात, एवढीच तर गोष्ट. वाटेत खोल्याच खोल्या. प्रत्येक खोलीचं दार बंद, आणि ते उघडायचं तर दोघांनी मिळून डोकं चालवायचं. बूट उड्या मारतो. किटलीला उडी येत नाही, पण ती पाणी भरते, चुलीवर बसते आणि वाफेच्या जोरावर बुटाला वर उडवते. चुकलं की बूट धप्पकन पडतो आणि पडताना असा काही आवाज करतो, की तुम्ही पहिल्यांदा ऐकलात तेव्हा रिमोट मांडीवर टाकून मागे बघितलंत, खोलीत दुसरं कोण आलंय म्हणून. आणि दाराशी ती आळशी गोगलगाय. आपण खोलीत शिरलो की जांभई देणार, मागच्या भिंतीवर खडूने एक रेघ ओढणार आणि पुन्हा झोपणार. तिचा तुम्हाला भारी राग. म्हणायचात, हिला पगार कोण देतं?

मशीन पाठवताना मी घाबरलोच होतो. ज्या माणसाने मला गेमच्या दुकानातून कॉलर धरून बाहेर काढलं, याची शाळा या डबड्यांनी खाल्ली असं गल्लीभर सांगितलं, त्याच माणसाला मी गेमचं मशीन पाठवत होतो. पण आई गेल्यापासून ताई फोनवर सांगायची, की तुम्ही जेवून झाल्यावर हात वाळेपर्यंत ताटावरच बसून राहता. मला दुसरं काही सुचलं नाही. मला येतं काय दुसरं? म्हणून जुनंपानं एक मशीन बघून पाठवून दिलं. पहिले दोन दिवस तुम्ही त्याच्यावर वर्तमानपत्र ठेवत होता. तिसऱ्या दिवशी ताईने जोडून दिलं, मी इकडून नेटवरून बुटाला घेऊन आलो, आणि पहिल्याच खोलीत तुम्ही म्हणालात, "अरे, हे कुलूपच आहे की. मग आधी सांगायचं ना."

तेव्हापासून माझी पाळी सुटायची वेळ आणि तुमची दुपारी कुलूप-किल्ल्यांचं दुकान बंद ठेवायची वेळ यांची गाठ पडली. मी कानाला हेडफोन लावून पलंगावर, तुम्ही आईच्या खुर्चीत. उड्या माझ्या, डोकं तुमचं. मी घाईघाईत तीनदा मरून यायचो, तुम्ही शांतपणे म्हणायचात, थांब जरा, कुलपाला आधी बघू दे. आणि बाबा, उभ्या आयुष्यात मी तुमच्यापुढे मान वर करून बोललो नाही, पण गेममध्ये मी खुशाल ओरडायचो, "अगं किटले, सरक की!" आणि तुम्ही सरकायचात. वर म्हणायचात, "ए फाटक्या, तळवा सांभाळ." आपण दोघं इतकं बोललो कधी होतो?

इकडचं बरं आहे. गाड्या धुवायचं काम सोडलं, ते ताईने सांगितलं असेल. म्हणा आता, याचं बूड कुठे टेकत नाही. उगाच नाही तुम्ही माझं नाव भिंगरी ठेवलं. आता एका कोल्ड स्टोरेजमध्ये आहे, खोकी आत न्यायची, बाहेर काढायची. आतमध्ये बोललं की तोंडातून वाफ निघते, तेव्हा मला तुमची किटली आठवते आणि मी एकटाच हसतो, मुकादम म्हणतो याला थंडी चढली. खोलीवर आम्ही सहा जण. माझ्या वरच्या पलंगावर एक वेल्डर आहे, वयाने तुमच्यापेक्षा थोडा लहान. तो वरून डोकं खाली सोडून आपला खेळ बघत असायचा. तुमची बाजू घ्यायचा कायम. तुमच्या डोक्याला मानलं, म्हणायचा. आता तो मला रोज विचारतो, किटली आली का? मी सांगतो, किटली रुसली आहे.

बाबा, तुमच्या धंद्याची एक रीत आहे, ती मला लहानपणापासून पाठ आहे. किल्ली बनवली, गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली, की विसरायची. साचा ठेवायचा नाही, कुणाच्या दाराची ते डोक्यात ठेवायचं नाही. कोणी सहज विचारलं, कोपऱ्यावरच्या बाईंची किल्ली तुम्हीच केलीत ना, तर तुम्ही त्याच्या तोंडाकडे असं बघायचात, जसं बाई, कोपरा, किल्ली सगळंच पहिल्यांदा ऐकताय. आई म्हणायची, ह्यांना विसरायचेच पैसे मिळतात. आपल्या घरात विसरणं ही अब्रूची गोष्ट होती. म्हणून तुम्ही खरंच विसरायला लागलात, तेव्हा आम्ही हसलो. दूध उतू गेलं, हसलो. ताई डबा देऊन गेली आणि तासाभराने तुम्ही तिला फोन करून डबा का आणला नाही विचारलंत, तेव्हा तिने मला फोन केला आणि आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या कुणाच्या घरी वेळेवर कळलं असतं. आपल्या घरी त्याचं कौतुक झालं.

पाण्याच्या खोलीचंही तसंच झालं. ती आपण पहिल्यांदा सोडवली त्या दिवसाचं सांगतो. तीन नळ, एक चूल, वर खिळा. तुम्ही कितीतरी वेळ काहीच केलं नाहीत, मी वैतागलो. मग म्हणालात, उजवा नळ आधी, मग डावा, मधल्याला हातच लावायचा नाही, तो फसवायला ठेवलाय. तसंच निघालं. बूट वाफेवर असा उडाला की थेट दारातून पलीकडे. तुम्ही ओरडलात, "जमलं रे भिंगरी!" वेल्डरने वरून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी पुढची खोली उघडली, तर तुम्ही म्हणालात, ही कुठली, पाण्याची आपली अजून व्हायची आहे. मी म्हटलं, झाली की काल. तर तुम्ही हसून म्हणालात, उघडलेलं कुलूप मी डोक्यात ठेवत नाही, तुला माहीत आहे. मलाही ते पटलं. म्हटलं, चला, पुन्हा. तुम्ही पुन्हा तेवढाच विचार केलात, पुन्हा मधला नळ ओळखलात, पुन्हा ओरडलात, जमलं रे भिंगरी.

त्यानंतर आपण पुढे गेलोच नाही, बाबा. पुढची आरशांची खोली उघडली की तुमचा आवाज बारीक व्हायचा, हात थांबायचे. म्हणून मी काही न बोलता रोज मागे येऊन पाण्याचीच लावायचो, आणि मलाही सुटत नाही असं दाखवायचो. तुम्ही रोज नव्याने जिंकायचात. खरं सांगू का, इतका खूश झालेला तुमचा आवाज मी लहानपणी कधी ऐकला नव्हता. मला तो हवा होता. कामावर दिवसभर खोकी उचलताना मी त्याची वाट बघायचो. वेल्डरने एकदा पलंगावरून उतरून मला बाहेर नेलं आणि विचारलं, तुझे वडील रोज हीच खोली का खेळतात? मी त्याला किल्लीची रीत सांगितली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

मग तो शेवटचा दिवस. तुम्ही पाणी न भरता चुलीवर बसलात, मी लटकलेला, मी नेहमीसारखा ओरडलो. तुम्ही म्हणालात तुला थांबायला कुणी सांगितलं होतं. आणि मग अगदी साध्या आवाजात, जसं दुकानात नव्या गिऱ्हाइकाला विचारता तसं, विचारलंत, "हा बूट कोण चालवतंय?" मी म्हटलं, मी. तुम्ही म्हणालात, "मी म्हणजे कोण?" मी म्हटलं, अहो बाबा, मी, भिंगरी. तुम्ही लगेच हसलात. गंमत केली रे, म्हणालात. मीही हसलो. वेल्डर हसला नाही.

तेवढ्यात तुमचं लक्ष गोगलगायीमागच्या भिंतीकडे गेलं. ती आता भिंत राहिलीच नव्हती, खडूच्या रेघांनी पांढरी झाली होती. तुम्ही विचारलंत, या रेघा कसल्या? मी म्हटलं, नक्षी आहे. तुम्ही म्हणालात, आपण आत आलो तेव्हा तिने एक रेघ ओढली, मी बघितलं. मी म्हटलं, हो का, मी नाही बघितलं. तुम्ही म्हणालात, बरं. नुसतं बरं. किटली तिथेच चुलीपाशी उभी राहिली आणि मी तिला हाका मारत बसलो. दुसऱ्या दिवशी मशीन खोक्यात गेलं.

म्हणजे तुम्हाला कळलं आहे, बाबा. तुम्हाला कळलं आहे हे मला कळलं आहे. आणि आपण दोघंही फोनवर जेवलास का, जेवलात का, एवढंच विचारतो आहोत.

ताईवर रागावू नका, पण दुकानाच्या कुलपाचं तिने मला सांगितलं. तुम्ही सकाळी जुडगा हातात घेऊन शटरपुढे उभे होतात, एकेक किल्ली लावून बघत होतात. समोरच्या न्हाव्याने विचारलं तर म्हणालात, गंजलंय. मग छिन्नी आणून तोडलंत. उभ्या जन्मात तुम्ही कुलूप तोडलं नव्हतं. दुसऱ्यांच्या दाराला लोक हातोडी घेऊन निघायचे तेव्हा तुम्ही त्यांना ढकलून बाजूला करायचात. ताईने ते तुटलेलं कुलूप उचलून घरी आणलं, तुमच्याच जुडग्यातली किल्ली त्यात घातली, आणि ती लोण्यात फिरावी तशी फिरली. हे सांगताना ती माझ्याशी भांडल्यासारखी बोलत होती. तू तिकडे उड्या मार, म्हणाली. नंतर रडली. तुम्हाला तिने ते कुलूप दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही.

हे पत्र मशीन परत जोडा म्हणायला लिहिलेलं नाही. वाटलं तर जोडा, नाहीतर राहू दे, मला आता त्या खोलीचं काही नाही. फोनवर सांगितलं असतं तर उद्या पुन्हा सांगावं लागलं असतं, परवा पुन्हा, आणि तुम्हाला दरवेळी ते पहिल्यांदाच लागलं असतं. मला ते जमणार नाही. म्हणून एकदाच लिहितो. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, ताईला वाचायला सांगा आणि मग तिच्याकडेच द्या. ताईने मेंदूच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवलं आहे. तुम्ही तिला म्हणालात, मला वेडा ठरवायला निघालात का. कुणी नाही ठरवत, बाबा. तिच्याबरोबर जा. रिक्षात तिच्याशी बोलू नका हवं तर, पण जा. आणि जायच्या आधी एक काम करा. आपल्या घराची किल्ली एकच आहे, तुमच्या कमरेला. दुसरी तुम्ही कधी आईलासुद्धा करून दिली नाहीत. आता ताईसाठी एक करा. न्हाव्याच्या पोराला पाठवून बाजारातून आणू नका, तुम्ही करा, तुमच्या कानशीने. तुमचा हात अजून काही विसरलेला नाही, ताई म्हणते दुकानात बसलात की तो आपोआप चालतो. तो चालतो आहे तोवर करा. माझा करार संपल्याशिवाय हे लोक मला सोडत नाहीत, मी विचारून बघितलं. मी येईन तेव्हा दारात कोण आहे हे तुम्हाला कळलं नाही, तर दार उघडू नका, अनोळखी माणसाला तुम्ही कधीच उघडत नाही, ते बरोबरच आहे. ताई येऊन उघडेल. तिच्याजवळ किल्ली असली की झालं.

तुमचाच,
भिंगरी

ता. क. कोऱ्या किल्लीचे आणि डॉक्टरांचे मिळून ताईच्या खात्यावर टाकले आहेत, चोवीस हजार.