मुखवट्याचं पितळ

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता थोडा वेळ लागतो. हात मात्र लगेच आठवतात. सोलापुरात आपल्या घराच्या मागे, पत्र्याखाली, तुम्ही देवांचे पितळी मुखवटे आणि समया ओतायचात. आई गेल्यावर मला सांभाळणार कोण, म्हणून शाळा सुटली की तिथंच बसवायचात, आणि बसल्या बसल्या मी शिकले. मेणात राळ किती घालायची ते बोटांत दाबून कळतं. मेणाच्या मुखवट्यावर आधी गाळलेल्या मातीचा पातळ हात द्यायचा, तो सावलीत वाळला की भुसा घातलेली जाड माती. मग साचा तापवून मेण काढून टाकायचं आणि आतल्या पोकळीत पितळ ओतायचं. माझं काही चुकलं तर तुम्ही ओरडायचा नाहीत. बिघडलेलं काम माझ्यासमोर ठेवून जेवायला निघून जायचात. त्यापेक्षा दोन शब्द बोलला असतात तर बरं झालं असतं.

बहात्तरच्या दुष्काळात कामं आटली. प्यायला पाणी नाही तिथं समया कोण घेणार होतं? मी एकवीस वर्षांची. घोडी झाली तरी लग्नाचं नाव काढत नाही म्हणून मावशी बोलायची, आणि माझ्या डोक्यात शिल्पकलेच्या कॉलेजचं खूळ. प्रवेशासाठी स्वतः ओतलेलं एक काम घेऊन जायचं होतं. दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलेली एक बाई मी पाहिली होती, ती मेणात केली, वीतभर उंच. तुम्ही ती हातात फिरवून पाहिलीत. "हिला कोन पुजनार?" म्हणालात. तरी साच्यात वाफेला वाट कुठं ठेवायची ते दाखवलंत. मी पितळ मागितलं तर म्हणालात, "आता कुटनं आनू? फुडच्या साली बघू." पुढचं साल म्हणजे कधीच नाही, असं मी धरून चालले.

त्याच आठवड्यात सांगोल्याकडचे एक म्हातारे धनगर आले. मेंढरं गेली होती, आणि घरच्या बिरोबाचा मुखवटाही तडकला होता. तो मोडून नवा करायचा होता. त्यांच्यात रीत अशी की जुन्या मुखवट्याचं सगळं पितळ नव्यात गेलं पाहिजे. कणभर जरी दुसरीकडे गेलं तरी देव नव्यात येत नाही. पहिला घाव त्यांनीच घातला. बाकीचे तुकडे तुम्ही केलेत आणि फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलेत. साचा वाळेपर्यंत ते होटगीला लेकीकडे जाऊन राहिले. मधल्या एका दिवशी तुम्ही मेण आणायला बार्शीला गेलात, आणि भर दुपारी मी भट्टी पेटवली. फडकं सोडताना माझे हात थरथरले, असं लिहायला आवडलं असतं. नाही थरथरले. घरातला एक चेपका पितळी तांब्या आणि अडगळीतले जुने नळ फोडून मी तेवढ्याच वजनाचे तुकडे बांधून ठेवले. देवाच्या पितळात बाई चांगली आली. हातोडी धरलेली बोटंसुद्धा आली. मी ती माझ्या ट्रंकेत लुगड्याखाली ठेवली.

मुखवटा ओतायच्या दिवशी म्हातारे नारळ घेऊन समोर मांडी घालून बसलेत. तुम्ही एकेक तुकडा मुशीत टाकताय. एका तुकड्याशी थांबता. त्याच्या कडेला नळाचे आटे आहेत. तो एक माझ्या नजरेतून सुटलाय. तुम्ही माझ्याकडे बघत नाही. आट्यांवर अंगठा ठेवता.

"देव आला न्हवं समदा?" म्हातारे विचारतात.

"आला की," तुम्ही म्हणता. "समदा हितंच हाय." आणि तो तुकडा मुशीत सोडता.

पितळाच्या बाबतीत तुम्ही कधी कुणाशी खोटं बोलला नव्हतात. पितळ पातळ झाल्यावर सांडशी माझ्या हातात दिलीत. "तू वत. धार तोडू नगंस." देवाचं काम तोवर तुम्ही मला ओतू दिलं नव्हतं. मी ओतलं. धार तुटली नाही. साचा फोडला तेव्हा म्हातारे जरा बघत राहिले. "लई पिवळा दिसतुया," म्हणाले. तुम्ही म्हणालात, "नवा हाय. त्याल, हळद लागली की रंग धरंल." त्यांनी मुखवट्याला हात जोडले, आणि मग तो मी ओतला म्हणून मलाही. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला काहीच वाटलं नाही. भूक लागली होती, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी माझी बाई ट्रंकेवर उभी होती. पितळ जिथून आत जातं तिथला खुंट मला नीट कापता आला नव्हता. तो तुम्ही बारीक कानशीनं घासून काढला होता, आणि चिंचेनं ती स्वच्छही केली होती. लालसर झाक होती तिला. तिच्यावर मला प्रवेश मिळाला, पुढं शिकवायची नोकरी मिळाली. लोक मला शिल्पकार म्हणतात.

त्यानंतर बारा वर्षं आपण पुष्कळ बोललो. नातवंडांबद्दल, तुमच्या खोकल्याबद्दल, कुठल्या गावाला टँकर आला त्याबद्दल. सुट्टीत घरी आले की पहिला दिवस मी नुसती वाट बघायची, की आज विचारतील. तुम्ही चहा पुढं करायचात. तुम्ही मला माफ केलं होतं की माझ्याशी बोलण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.

हे पत्र मी वर्गातल्या कामाच्या कागदांवर लिहिलंय आणि ते कुणाला दाखवणार नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी विद्यार्थ्यांचे साचे बघत होते. मी रडले, सगळ्यांनी पाहिलं. पण रडण्याच्या आधी, आप्पा, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.