वाकड्या टाक्याचा भाव

तिरुपूर,
ता. ३ ऑगस्ट २०२५

ती. आईस, गोकुळचा शि. सा. न. वि. वि.

तर मी काय म्हणत होतो, तू फोन ठेवलास तेव्हा? दरवेळी असंच. माझं अर्धं वाक्य फुलंब्रीत पोचतं अन् अर्धं इथं तोंडातच राहतं. म्हणून आज कागद घेतला. कागद काय कट करता येत नाय.

तुझं म्हणणं, वाकडं शिवणार नाय. का नाय? गारखेड्याची दुकानवाली श्रेया मॅडम स्वतःच्या गाडीतून तुझ्या ओसरीवर येती, पंचवीस गोधड्या मागती, एकीला अठराशे देते म्हणती. तिची अडचण एकच. तुझा टाका लई सरळ, गिऱ्हाइकाला मशीनचा वाटतो. हाताचा दिसायला थोडा वाकडा पाहिजे. मग घाल की वाकडा! जगात सगळ्यात सोपं काम हाय ते. मी इथं कपड्याच्या कंपनीत मशिनीवर दिवसाला शंभरदा फुकटात करतो अन् वर सुपरवायझरच्या शिव्या खातो. तामिळमधून देतो म्हणून बरंय, निम्म्या कळत नायत.

अन् मॅडमनं विचारलं, मावशी, तुमची प्रेरणा कुठून येते, तर तू सांगितलंस, थंडीतून. आई, असं बोलतात का? कलाकार माणूस आधी डोळे मिटतो, मग उसासा टाकतो, मग कुणाला कळणार नाय असं कायतरी बोलतो. पैसे त्याचेच असतात. नुसत्या शिवण्याचे कोण देतं?

पंचवीस गोधड्यांचे पंचेचाळीस हजार. तेवढ्यात जुन्या दोन मशिनी येतात, मी फुलंब्रीत दुकान टाकतो अन् सहा पोरांच्या या खोलीतून सुटतो. तुझ्या लेकाचं सगळं वाकडं गेलं ते चाललं, एक टाका चालत नाय?

रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा
गोकुळ

---

फुलंब्री,
ता. १४ ऑगस्ट २०२५

चि. गोकुळ यास, आईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझं अक्षर बघून वाटलं, मॅडमला दाखवावं. त्यांना नेमकं असंच पाहिजे.

वाळूजला चार महिने, सुरतेला सात, आता तिरुपूर. एका जागी तुझं बूड टेकत नाही अन् मला शिवणं शिकवतोस. तरी बाबा, तुझ्यासाठी करून बघितलं. पहिल्या दिवशी डाव्या हातानं शिवलं. बोटाला चार भोकं पडली, टाका सरळच. दुसऱ्या दिवशी चष्मा काढून शिवलं. तिसऱ्या दिवशी ठरवूनच एक टाका वर, एक खाली घातला. हातभर झाल्यावर लांबून बघते तर नागमोडी किनार, तीही एका मापाची! मॅडम म्हणाल्या, मावशी, हे तर आणखीच मशीनचं दिसतंय.

काय करू मग? मी कडेनं सुरू करते अन् आत आत येते. पहिल्या ओळीकडं बघून दुसरी पडते, दुसरीकडं बघून तिसरी. हाताला मी काही सांगत नाही. कुणाशी भांडण झालं की टाका आवळतो, म्हणून त्या दिवशी नुसती ठिगळं कापायची, सुई धरायची नाही. मॅडमनं हे सगळं वहीत उतरवून घेतलं अन् विचारलं, बरं, अन् तुमची प्रोसेस?

शेवटी काम सरूला गेलं. हसू नकोस. तुझी सरूकाकू, माझी जाऊ, जिच्या गोधडीला मी तीस वर्षं कोंबडीनं उकरलेली म्हणत आले, तीच. टीव्हीपुढं बसून शिवते. मालिकेतली सून रडली की टाका वर चढतो, सासू खेकसली की खाली घसरतो. मॅडमला त्यात भावनांचा प्रवास दिसला. सरू म्हणाली, व्हय, लई प्रवास झाला बाई, कंबर धरली.

वेळेवर जेव. मायेला अंतर देऊ नकोस.

तुझी आई
द्वारका

---

तिरुपूर,
ता. ३० ऑगस्ट २०२५

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी खोलीतल्या पोरांना हिंदी करून ऐकवलं. हसून हसून बिहारचा एक जण खाटेवरून पडला. मग मी एकटाच बसलो अन् माझं हसू गेलं. पंचेचाळीस हजार आपल्या ओसरीवरून उठले अन् भिंतीपलीकडं काकूच्या घरात जाऊन बसले.

माझी इथं बदली झाली. आता शिवायचं नाय, चेकिंगच्या टेबलावर उभं राहून दुसऱ्यांच्या शिलाया तपासायच्या. शिलाई जरा हलली की तिथं लाल बाण चिकटवायचा अन् पीस परत. सरूकाकू आमच्या कंपनीत असती तर भीष्मासारखी बाणांवरच झोपली असती. तिकडं तीच कलाकार. पुण्याच्या प्रदर्शनात तिचा मोठा फोटो लावणार म्हणं. आता काकू सुई हातात धरून लांब आभाळाकडं बघणार, अन् सगळे म्हणणार, बघा, सुचतंय. बाई मालिका कधी लागती ते बघत असंल.

तू काकूची शागिर्दी कर. शिवणं येतं तुला, टीव्ही बघायचं शीक. तुझा टाका सरळ राहिला, लेक मात्र परमुलखात आणखी वर्षभर. लागलं असंल तर लागू दे, मलाबी लागलंय.

लोभ हाय तेवढा तरी ठेव.

गोकुळ

---

फुलंब्री,
ता. १९ सप्टेंबर २०२५

चि. गोकुळ यास, अ. आ.

तू सांगितलंस तशी शागिर्दी केली.

सरूच्या पहिल्या बारा गोधड्या धुऊन बघितल्या तर दोरे सुटले, आतले थर गोळा झाले. मॅडम तिच्याकडं न जाता माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, मावशी, पाठीमागून नवं अस्तर लावून एकेक पक्की ओळ फिरवून द्या. वरच्या कापडाला सुई लागू द्यायची नाही, पुढचा वाकडा टाका तसाच दिसला पाहिजे. एका गोधडीचे शंभर. नाव अन् फोटो सरूचाच राहील.

मी हो म्हणाले. मॅडमसाठी नाही. सुटलेल्या दोऱ्यात कुणाच्या लेकराचा पाय अडकला तर? सरू दारात येऊन रडली. म्हणाली, मी कुठं मागितलं होतं गं हे कलाकारपण. तिचा काय दोष?

बारा करून दिल्या. त्यानंतर माझी स्वतःची अर्धी झालेली गोधडी घेऊन बसले तर हात चालेना. सुई टोचली की वाटतं, ही ओळ पण पाठीमागं लपवायचीय. दोनदा बसले, दोनदा उठले. गुंडाळून माळ्यावर टाकली. आता शिवणं बस. डोळे थकलेत असं सगळ्यांना सांगते, तूही तसंच सांग.

तुझ्यावर राग नाही. दुकानाचं माझ्यामुळं राहिलं, ते मनात ठेवू नकोस. आठवण असू दे.

तुझी
आई

---

तिरुपूर,
ता. ४ ऑक्टोबर २०२५

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

डोळे थकलेत? जी बाई सुईत पहिल्या झटक्याला दोरा ओवती अन् ओसरीवर बसून रस्त्यावरच्या माणसाच्या चपलेचा तुटका अंगठा बघती, तिचे? मी कुणाला असलं सांगणार नाय.

मॅडमच्या दुकानाचं पान मोबाईलवर बघितलं. काकूचा फोटो हाय, तोंड असं की दाताच्या डॉक्टरपुढं बसवलंय. खाली लिहिलंय, प्रत्येक टाका एक कविता. त्याच्याखाली गिऱ्हाइकांनी आपापल्या घरचे फोटो टाकलेत. पुण्याच्या एका बाईनं गोधडी पलंगावर अंथरलीय, ती चक्क उलटी! वर लिहिलंय, मागची बाजू जास्त आवडली, नजर हटत नाही. मी फोटो मोठा केला. कडेनं आत आत येणारी ओळ. आई, दिवसाला मी सहाशे पीस तपासतो, मला तुझी ओळ कळणार नाय व्हय? चेकिंगवरच्या दोघांना दाखवली. त्यांनी बाण लावायला जागा शोधली, नाय सापडली. त्या बाईनं लिहिलं होतं, सरूबाईंना नमस्कार सांगा.

मग मला जेवण गेलं नाय. मॅडमला नावं ठेवायला मी मोकळा होतो, पण वाकडं शिव म्हणणारा पहिला माणूस मीच. मॅडम शिकलेली म्हणून, अन् मी सातवीतून पळालेला म्हणून, दोघं एकाच जागी येऊन बसलो. दुकानाचं राहू दे. यंदा बूड टेकवून इथंच राहतो, दिवाळीला चार दिवस येतो.

तेव्हा आता मी गिऱ्हाईक. माळ्यावरची अर्धी गोधडी मला पाहिजे. इथं उकडून जीव चाललाय, अंगावर घेणं व्हायचं नाय, म्हणून भिंतीला टांगीन अन् पोरांकडून बघायचे पैसे घेईन. माझ्या अटी दोन. टाका सरळ. अन् कोपऱ्यात नाव शिवायचं, द्वारका, पाठीमागून नाय, पुढून. जमणार नसंल तर तसं लिही, मी पत्र बिहारच्या पोराला देतो, परत कुणीतरी खाटेवरून पडंल.

काकूला सांग, रडू नको, फोटो वाईट आलाय एवढंच.

तुझ्या हाताला अन् मला, दोघांनाबी लोभात ठेव.

तुझा
गोकुळ

ता. क. मॅडमचा भाव अठराशे. मी टाकतोय अठराशे एक रुपये.