स्वरदाताईच्या मापाचे हातमोजे

१७ नोव्हेंबर, रविवार

निर्णय झाला. संक्रांतीपर्यंत घरातल्या सगळ्यांना लोकरीचे हातमोजे. पाच बोटांचे. आई, बाबा, केयूरदादा, रेवा वहिनी आणि बबीन्याच्या आर्मी छावणीत राहणारी स्वरदाताई. दहा हातमोजे, पन्नास बोटं. अवघड काही नाही, प्लॅनिंग हवं.

खरं कारण इथेच लिहिते, इथे कोणी वाचत नाही. एक फेब्रुवारीला पुण्याच्या कंपनीत रुजू व्हायचं आहे. आईची अट अशी की झाशीचा हा हिवाळा धड काढलास तर जा. 'धड' म्हणजे किती, ते तिने सांगितलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात माझी बोटं सुजली, संधिवात निघाला, आणि तेव्हापासून या घरात लोक माझ्या हातांकडे बघून माझ्याशी बोलतात. पन्नास बोटं विणून दिली की हा विषय बंद.

रविवारची गोळी दिवाळीपासून घेत नाही. आठवड्यातून एकच, पण मळमळ सोमवार संध्याकाळपर्यंत. दिवाळीत हात अगदी ठीक होते. नीट चालणाऱ्या यंत्राशी खेळू नये, हे आम्ही मापयंत्रं तपासायच्या आमच्या लॅबमध्ये गिऱ्हाइकांनाही सांगतो. घरी बोलले नाही. आई विचारते, "घेतेस ना गं?" मी "हूं" म्हणते. 'हूं' हे उत्तर नव्हे, त्यामुळे खोटंही नव्हे.

१९ नोव्हेंबर

मानिक चौकात साहूजींकडून लाल लोकर आणली. त्यांनी विचारलं काय विणणार, मी सांगितलं. म्हणाले, "उँगली वाले? अरे बिटिया, मफलर बुन लो, जल्दी निपट जाओगी."

सल्ला मागितला नव्हता. आई वर्षानुवर्षं यांच्याकडूनच लोकर घेते. तिने आधी फोन केला असेल का? शक्यता नाकारता येत नाही.

२३ नोव्हेंबर

सुरुवात ताईच्या जोडीने. माप घ्यायला बबीन्याला जायची गरज नाही. आमचे दोघींचे हात लहानपणापासून एका मापाचे. आई बांगड्या एकच डझन आणायची आणि सहा-सहा वाटायची. तेव्हा माझाच हात नमुना. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी घालून बघायचं, घट्ट वाटलं तर टाके वाढवायचे.

ज्याच्यावरून बाकीची मापं तपासतात त्याला आमच्या लॅबमध्ये मास्टर म्हणतात. इथे माझा डावा हात मास्टर. लॅबचा मास्टर वर्षातून एकदा स्वतःच तपासायला दिल्लीला पाठवावा लागतो. हाताच्या बाबतीत ती कटकट नाही. तो सतत माझ्यासमोर असतो.

२८ नोव्हेंबर

घरात बेशिस्त वाढत चालली आहे. स्वयंपाकघरातल्या एकाही बरणीचं झाकण नीट लावलेलं नसतं. साखर, डाळी, लोणचं, सगळी नुसती वर ठेवलेली. आज वहिनीला सांगितलं की मुंग्या लागतील, दमट हवेत साखरेला पाणी सुटेल. ती म्हणाली, "हो का? बघते हं," आणि हसली.

हसण्यासारखं त्यात काय होतं?

३ डिसेंबर

बाथरूमची कडी बदलली आहे. जुनी चांगली जाड होती, आता एका बोटाने सरकेल अशी हलकी लावली आहे. बाबा म्हणाले, जुनी गंजली होती. मी कचऱ्यातून काढून बघितली. गंज नाही.

शिवाय माझ्या जॅकेटच्या चेनला कोणीतरी लाल लोकरीचा जाड गोंडा बांधला आहे. माझ्याच गुंड्यातली लोकर. न विचारता घेतली. ही सरळ चोरी आहे. चेन मात्र आता पटकन ओढली जाते, पण मुद्दा तो नाही.

७ डिसेंबर

पहिला हातमोजा पूर्ण! सकाळी घालून बघितला. एकही सुरकुती नाही, बोटाला बोट बसलं. इतकं अचूक काम विकतच्या मालात मिळणार नाही.

बोटं सकाळी जरा जड असतात. थंडी आहे. डिसेंबरात झाशीत कोणाची नसतात?

प्लॅनमध्ये छोटी सुधारणा: बाकीचे हातमोजे अर्ध्या बोटांचे. फोन वापरायला बरे पडतात. हल्ली सगळे तसेच घालतात.

१२ डिसेंबर

बाबांनी ग्वाल्हेरच्या डॉक्टरांची वीस जानेवारीची वेळ घेतली. म्हणजे माझ्या डॉक्टरांची. म्हणाले, गुडघे दाखवायचेत, तूही चल सोबतीला. मी त्यांचा जिना बघितला. दोन-दोन पायऱ्या एकदम चढतात. यांच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही.

मग ग्वाल्हेरला कशाला? बहुतेक काहीतरी दुसरंच आहे आणि ते लपवतायत. मला याचा राग आला. स्वतःचं दुखणं घरच्यांपासून लपवणं हा बेजबाबदारपणा आहे. माणूस सुशिक्षित असून असं वागतो.

१५ डिसेंबर, रविवार

ताई आली होती. संक्रांतीपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण जोडीतला तयार हातमोजा दाखवायचा मोह झाला.

तो तिला मोठा झाला. थोडाथोडका नव्हे. बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. ताई हात हलवून म्हणाली, "ईशानी, हा हातमोजा आहे का कढई उतरवायचं फडकं?" दादा म्हणाला, "इसमें तो आधा बबीना आ जाएगा." सगळे हसले. मग ताईने माझ्या हाताकडे बघितलं, आईने ताईकडे बघितलं, आणि हसणं बंद झालं. ताई घाईने म्हणाली, "अगं, छान ऊबदार आहे पण."

हसणं असं एकदम बंद का व्हावं? यांना काहीतरी माहीत आहे. माझा अंदाज: वहिनीने हातमोजा गरम पाण्यात धुतला आणि तो सैल झाला. सगळे तिला सांभाळून घेतायत.

दुपारी पुरणपोळी होती. तीन खाल्ल्या. आई टक लावून बघत होती.

१६ डिसेंबर

वहिनीला विचारलं. शांतपणे, पुराव्यासकट. ती म्हणाली, "ईशानी, देवाशप्पथ, तुझ्या लोकरीला मी हात लावलेला नाही." मग जरा थांबून, "त्या चेनच्या गोंड्यापुरती सोडून."

म्हणजे चोरी कबूल. कारण विचारलं तर म्हणाली, "छान दिसतं म्हणून." लाल गोंडा, राखाडी जॅकेटवर. वहिनी इंदूरची आहे, तिची आवड इतकी वाईट नाही.

१९ डिसेंबर

साहूजींना हातमोजा दाखवला. तुमची लोकर आपोआप सैल होते, म्हटलं. त्यांनी ताणून बघितली, उजेडात धरली. "बिटिया, ऊन धोबे सें ढीली होत, धरे-धरे नईं होत." म्हणजे लोकर धुऊन सैल होते, नुसती ठेवून नाही. मी म्हटलं, मग हे काय? ते म्हणाले, "हम का बताएँ. नाप किसका लिया था?" मी म्हटलं, माप बरोबर आहे, माझं कामच ते आहे. त्यावर ते पुन्हा मफलरवर आले.

माल खराब असला की दुकानदार गिऱ्हाइकाच्या मापात चूक काढतो. लॅबमध्ये रोज बघते.

२२ डिसेंबर, रविवार

लॅबमधून सही करून व्हर्निअर घरी आणलं. सुया तपासल्या, सव्वातीन मिलिमीटर, बरोबर. लोकरीचा चौकोन विणला, धुतला, वाळवला, मोजला. धुण्याआधी आणि नंतर फरक नाही. लोकर निर्दोष. सुया निर्दोष. नाइलाजाने वहिनीही निर्दोष.

उरली ताई. आर्मीवाल्यांच्या बायका डाएट करतात. हात बारीक झाले असणार. फोन केला. म्हणाली, "मी? बारीक? तुझे भाऊजी ऐकतायत, परत म्हण." पुरावा म्हणून तिने दिवाळीच्या बांगड्या घातलेल्या हाताचा फोटो पाठवला. बांगड्या पूर्वी बसायच्या तशाच बसल्या आहेत.

हे गूढ वाढतंय.

२९ डिसेंबर, रविवार

धुकं फार म्हणून स्कूटर काढत नाही. ब्रेक दाबायला कडक झालाय, सर्व्हिसिंग नीट केलेलं नाही. दादा रोज मला लॅबपर्यंत सोडतो. म्हणतो, तिकडेच काम आहे. त्याचं ऑफिस बरोबर उलट्या दिशेला. रोज सकाळी त्याचं माझ्या लॅबच्या बाजूला काय काम असेल? वहिनीला सांगावं का, या विचारात आहे. सध्या गप्प बसते.

प्लॅनमध्ये सुधारणा: आईला आणि वहिनीला बोटांशिवायचे पिशवी-हातमोजे, जास्त गरम राहतात. दादाला टोपी. बाबांना मफलर. त्यांचा जो काही आजार आहे, त्यात गळा झाकलेला बरा.

५ जानेवारी, रविवार

ताईचा दुसरा हातमोजा संपवला. पहिला सैल झाला म्हणून याला दोनच टाके कमी घेऊन सुरुवात केली होती. पण सकाळी घालून बघताना घट्ट व्हायचा, म्हणून वाढवत गेले. आता तळव्यापाशी पहिल्यापेक्षा चार टाके जास्तच आहेत. तरीही मला तो अगदी बरोबर बसतो आणि पहिला आता किंचित आवळतो.

म्हणजे साहूजींची लोकर ताईच्या हातात सैल होते आणि माझ्या हातात आटते. अशी लोकर मी ऐकलेली नाही. नमुना दुसऱ्या लॅबला पाठवावा.

विणकामाला जरा सुट्टी दिली आहे. सुया धरल्या की मनगट कुरकुरतं. सुया स्टीलच्या असल्यामुळे गार असतात.

१२ जानेवारी, रविवार

ताई संक्रांतीसाठी राहायला आली. आईने मानिक चौकातून काळ्या काचेच्या बांगड्या आणल्या. एक डझन, सहा-सहा, नेहमीसारख्या.

ताईने तिच्या एका दमात चढवल्या. माझी पहिली अंगठ्याच्या सांध्यापाशी अडकली. उजव्या हातात नाही, डाव्यात नाही. साबण लावला. नाही. ताई म्हणाली, "राहू दे गं, फुटेल." मी म्हटलं, आईने चुकून दोन मापं आणली आहेत. मी खोलीत येऊन व्हर्निअरने बाराच्या बारा मोजल्या. एकाच मापाच्या आहेत. मग कपाटातून माझ्या दिवाळीच्या काढल्या. त्यासुद्धा त्याच मापाच्या. भाऊबीजेला त्या मी फोनवर बोलता बोलता घातल्या होत्या. आज त्याही अडकल्या.

असं कडं आमच्याकडेही असतं. वस्तू त्यातून गेली तर पास, नाही गेली तर बाद. त्यात मत नसतं.

मास्टर बाद.

लॅबमध्ये मास्टर चुकीचा निघाला तर नियम सोपा आणि क्रूर आहे. तो शेवटचा बरोबर असल्याची तारीख काढायची, आणि त्यानंतर त्याच्यावरून दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट मागे घ्यायचं. गिऱ्हाइकांना एकेक फोन करून. शेवटची तारीख: भाऊबीज.

मागची पानं उघडली. साहूजींची लोकर मागे घेतली. वहिनीची धुलाई मागे घेतली. गोंड्याची चोरीसुद्धा, कारण चेनची छोटी कडी मला चिमटीत धरता येत नव्हती, हे तिने माझ्या आधी बघितलं. बरण्यांची झाकणं. बाथरूमची हलकी कडी. ब्रेक कडक नव्हता. दादाचं त्या बाजूला काही काम नव्हतं. बाबांचे गुडघे उत्तम आहेत.

पानं संपली. ज्याच्यावर संशय घ्यायचा राहिला होता असा एकच इसम उरला.

१४ जानेवारी, संक्रांत

आईला सांगितलं. गोळीचं. तिळगूळ वळत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "माहितेय."

मी म्हटलं, कसं?

"रविवारी तू जेवायला लागलीस. तीन वर्षं रविवारी ताटावरून उठत होतीस. पुरणाच्या तीन पोळ्या खाल्ल्यास त्या दिवशी खात्रीच झाली."

मग बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, "काय बोलणार? तू पुरावा मागितला असतास. आणि एकदा बोलले असते तर ग्वाल्हेरला आलीच नसतीस. म्हणून बाबांचे गुडघे." बाबा पेपरामागून म्हणाले, "मला सांगितलं होतं लंगडायला. विसरतो मी."

पुण्याचं विचारायचं धाडस मी केलं नाही. तिनेच काढलं. "हिवाळ्यापुरतीच अट होती. हिवाळा काही एकच नसतो. डॉक्टर हो म्हणाले की जा. पण गोळी चुकवणारी पोरगी एकटी राहणार असेल तर मी येऊन राहीन तिथे, एवढं लक्षात ठेव."

धमकी आहे की आश्वासन, ठरवता आलं नाही.

ग्वाल्हेरला फोन केला. डॉक्टरांनी ओरडून घेतलं, गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली. पुण्याला मेल केला, रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता येईल का म्हणून. कारणात आधी 'पर्सनल' लिहिलं, मग खोडून 'संधिवात' लिहिलं. उत्तर आलं: विचार करून कळवतो.

संक्रांतीच्या भेटी: ताईला काही नाही. दादाला काही नाही. आईला आणि वहिनीला मिळून एक पिशवी-हातमोजा, डावा. बाबांना मफलर, वीतभर झाला आहे. त्यांनी तो चष्मा पुसायला मागितला.

साहूजींना फोन करून लोकर चांगली होती असं सांगितलं. ते म्हणाले, "हम तो कह रहे थे, मफलर."

१९ जानेवारी, रविवार

गोळी घेतली. दुपारी ताटावरून उठले. आईने लिंबाची फोड पुढे केली.

लिहिताना ताईचे हातमोजे घातले आहेत. पहिला आवळतो, दुसरा मापात आहे. एकही सुरकुती नाही.

संध्याकाळी चहाला साखर घ्यायला गेले. झाकण नुसतं वर ठेवलेलं होतं. उचललं, साखर घेतली, तसंच ठेवलं. मुंग्या लागल्या आहेत.