आठ मीटर खालची चूल

३ जून
निश्चय झाला. यंदा 'लेडी मार्जरी'वर बुडी मारायचीच. ऑलिव्हचे आजोबा त्या आगबोटीवर आचारी होते. बोट आमच्या बंदराबाहेरच खडकावर आपटून बुडाली. माणसं सगळी वाचली, आजोबांची लोखंडी चूल तेवढी खाली राहिली. ऑलिव्हने ती कधी पाहिलेली नाही. १७ ऑगस्टला तिचा साठावा वाढदिवस. त्या दिवशी चुलीचा फोटो तिच्या हातात ठेवणार, तोही नवऱ्याने स्वतः काढलेला. तसा शब्द दिला. ती म्हणाली, नॉर्मन, शब्द राहू दे, आधी बुडून दाखव.
आठ मीटर म्हणजे काहीच नाही. शिवाय तलावातला बुडीचा कोर्स मी पास आहे. परीक्षकांनीच शेवटी हात टेकले.

८ जून
आमच्या बुडी क्लबच्या प्रमुख मॅगीबाई. जन्मभर सुईणपण केलं, त्यामुळे सगळ्यांशी तसंच बोलतात. घाबरू नकोस, श्वास घे, वगैरे. नवीन ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा रबरी सूट, घालून उभा राहिलो तर मला नीट न्याहाळून म्हणाल्या, कमरेला अजून चार किलो शिसं बांध, नाहीतर खाली जाणार नाहीस. साफ नकार दिला. शिसं पोटाच्या हिशोबाने लागतं. माझं ते पोट नाही, छाती जरा खाली आली आहे.

१५ जून, बोटीवर
पाणी अकरा अंश. बुडी उत्तम झाली. फक्त खाली गेलो नाही. बाकीचे गेले, मी वर पालथा. एक सील बराच वेळ जवळ येऊन बघत होता. आदराने असावं.
क्लबमधला डगी रॉबसन वर आल्यावर म्हणाला, पुढच्या वेळी नांगराला यालाच बांधू, खुणेचा तरंगता बोया विकत घ्यायला नको. हेवा वाटतो बिचाऱ्याला.

१८ जून
ऑलिव्हने मॅगीबाईंच्या तलावातल्या वर्गात नाव घातलं. म्हणे तुझी बडबड तरी समजेल. असू दे, हौस आहे. चार टिप्स दिल्या. तिने त्या ऐकताना मटार सोलले.

६ जुलै
आजच्या मोहिमेची आखणी मी केली. भरतीचा तक्ता बघून वेळ काढली. सगळे रबरी सूट चढवून धक्क्यावर हजर. बंदरात पाणीच नाही. बोट चिखलात बसलेली. तक्ता हिवाळी घड्याळाचा असतो, उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात म्हणून त्यात एक तास मिळवायचा, हे म्हणे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग घड्याळं पुढे ढकलायचीच कशाला, असं मी विचारलं. मॅगीबाई म्हणाल्या, श्वास घे.
तासाभराने पाणी आलं. त्याबरोबर धुकंही आलं. ऑलिव्हने सँडविचेस वाटली आणि सगळे घरी गेले. डगी म्हणाला, फोटो मी काढून देतो, पाच मिनिटांचं काम. त्याला सांगितलं की शब्द मी दिलाय.

२७ जुलै
प्रगती! दोरी धरून स्वतःला ओढत ओढत तीन मीटर खाली. पण सूटमधली हवा पायांत शिरली. डोकं खाली, पाय थेट पाण्याबाहेर. मॅगीबाईंनी घोट्याला धरून ओढून काढलं आणि बोटीवर जाहीर केलं की इतक्या वर्षांत असा पायाळू पाहिला नाही. पायाळू माणूस शुभ मानतात का, हे विचारायचं राहिलं.

९ ऑगस्ट
उद्या शेवटची संधी. पुढच्या रविवारी वाढदिवस. 
ऑलिव्ह म्हणाली, उद्या मीही उतरते, परवाना मिळालाय. बोलली का नाहीस, म्हटलं. तीनदा सांगितलं, म्हणाली, तू शिशाबद्दल तावातावाने बोलत होतास. बरं ये, पण माझ्या मागे राहा. कॅमेरा मी धरणार.

१० ऑगस्ट
मी तरंगत होतो. ऑलिव्हने हातातला कॅमेरा घेतला. दिला असंच लिहायला हवं. मग मॅगीबाईंबरोबर दोरीने सरसर खाली गेली.
वरून फक्त तिचे बुडबुडे दिसत होते. ते थांबू नयेत, एवढंच वाटत होतं. चूल, फोटो, शब्द, काही आठवलं नाही.
वर आली ती एकदम रडत आणि हसत. म्हणाली, चुलीचं दार उघडं आहे, आत चांगला थोरला लॉबस्टर बसलाय. आजोबांची चूल अजून रिकामी नाही.
एकूण मोहीम फत्ते. देखरेख माझी होती.

१७ ऑगस्ट
वाढदिवस. सगळा क्लब आणि अर्धं गाव घरात. भिंतीवर दोन फोटो. लहान फ्रेममध्ये चूल. मोठ्या फ्रेममध्ये मी. खालून काढलेला. हिरवं पाणी, वर उजेड, मधोमध माझं पोट आणि चहूकडे हातपाय. डगी हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला.
ऑलिव्हला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, हा कशाला लावलास. ती म्हणाली, खाली सगळं गढूळ होतं, भीती वाटली. परत फिरणार होते. वर बघितलं तर तू होतास. मग भीती गेली.
तिला सांगितलं की मी मुद्दामच वर थांबलो होतो, तिच्यासाठी.
ती लगेच हो म्हणाली. जरा फारच लगेच.