पाकिटाची मागची बाजू

बाबा, आज तुमचं भिंग पर्समध्ये घालून किराणा आणायला गेले होते. प्रताप नगरच्या आपल्या कोपऱ्यावर आता मोठं दुकान झालं आहे, आपणच टोपली घेऊन फिरायचं, आपणच निवडायचं. मी एकेक पाकीट उलटं करून वाचून राहिले होते आणि मागे एक बाई ताटकळत उभी. शेवटी म्हणाली, "काकू, घ्यायचं आहे का नुसतं वाचायचंच आहे?" काय सांगू तिला? महिनाभरापूर्वी माझं बीपी वाढलेलं निघालं, डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हापासून हाच उद्योग. समोर हिरवंगार शेत आणि मोठ्या अक्षरात 'भाजलेलं, तळलेलं नाही', अन मागे मुंग्यांएवढी अक्षरं. तिथे सोडियमचा आकडा असतो, तोही तीस ग्रॅम खाल्ले तर किती, असा. तीस ग्रॅम म्हणजे मूठभर. मूठभर चिवड्यावर कोण थांबतं हो? मग शंभर ग्रॅमचा रकाना शोधा, दोन पाकिटं शेजारी धरून ताडून पाहा. डोकं उठतं. अर्धी टोपली परत ठेवली आणि दही-मुरमुरे घेऊन घरी आले. थकले, बाबा.

तुम्ही हे जन्मभर कसं केलं? सदर भागातल्या त्या औषधांच्या दुकानात तुम्ही कंपाउंडर. बाटली फळीवरून काढताना तिच्यावरची चिठ्ठी वाचायची, औषध ओतताना वाचायची आणि परत ठेवतानाही वाचायची, तीही ओठ हलवत. मालक हसायचा, गिऱ्हाईक वैतागायचं, पण तुमचं तीनदा वाचणं काही सुटलं नाही. सुटीत मी डबा घेऊन यायची. एकदा तुम्ही बाटली मागितली आणि मी रंग पाहून शेजारचीच दिली. सगळ्यांसमोर कडाडलात, "हातानं वाचतं का वं तू? डोये काहून देले देवानं?" मी रडत घरी गेले. नोकरी लागली तेव्हा मैत्रिणींना घड्याळं मिळाली, तुम्ही मला डबीतलं भिंग दिलं. "सही करायच्या आधी खालचं बारीक वाचत जाय," म्हणालात. मला राग आला होता. डबी कपाटात गेली ती गेलीच.

मग तुमचीच नजर गेली. किडनीही थकली, मीठ जवळजवळ बंद. बिनमिठाचं वरण पुढे आलं की तुम्ही ताटाकडे तोंड करून नुसते बसून राहायचे, ते मला बघवायचं नाही. म्हणून ऑफिसातून येताना पाकिटातला भाजलेला चिवडा आणायची. तुम्ही दरवेळी विचारायचे, "मांगं काय लिहून आहे, वाच ना वं. मले दिसून नाही राहिलं. मीठ किती आहे?" मी म्हणायची, "मीठ लिहूनच नाही, खा तुम्ही." "असं कसं? नीट पाय." "पाहिलं ना बाबा, किती वेळा पाहू?" एकदा तुम्ही म्हणालात, खारट लागते वं. मी म्हटलं, तुमच्या तोंडाची चवच गेली. आज दुकानात ते आठवलं आणि कानशिलं तापली माझी.

पाय सुजले, दम लागला, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, पाकिटातलं काही खाता का? मी खाली बघून राहिले. तुम्हीच बोललात, "खातो साहेब. मीच मागवतो. पोरगी तर नाही म्हनते." पुढे चार महिने होतात तुम्ही. त्या चिवड्यानंच सगळं झालं असं कोणी म्हटलं नाही, मीही म्हणत नाही. पण चार महिन्यांत तुम्ही पुन्हा कधी चिवड्याचं नाव काढलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.

भावाला, नवऱ्याला, सगळ्यांना मी हा महिनाभर एकच सांगत आले: पाकीट मी वाचलं होतं, पण मागे आकड्यांच्या रकान्यात 'मीठ' असं कुठे लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, ते मला कुठून कळणार? लोक म्हणतात, खरंच गं, तुझा काय दोष. ऐकायला बरं वाटायचं. तुम्हाला सोडियम म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. मी तेवढा एक शब्द वाचून दाखवला असता, तर तुम्ही वाटी तिथेच बाजूला सारली असती.

ही चिठ्ठी भिंगाच्या डबीत घडी करून ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे धाडू? तर एवढं लिहूनच टाकते. सोडियम हा शब्द मी गेल्या महिन्यात पहिल्यांदा वाचला, माझ्या बीपीपायी. तुम्ही होता तेव्हा एका हातात मोबाईल असायचा, दुसऱ्या हातानं वाटीत चिवडा ओतायची. ते पाकीट मी एकदाही उलटून पाहिलं नाही. ते पाकीट हातात नुसतं उलटलं तरी केवढं वाजायचं, बाबा; मी 'पाहिलं ना' म्हणायची तेव्हा ते वाजलेलं नसायचं, आणि तुमचे कान शेवटपर्यंत शाबूत होते.